पांघरुणात जागा

मक्याचे दाणे संपले होते म्हणून ती घरी जाता जाता कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. बस, एवढंच. त्या संध्याकाळची सुरुवात इतकी सरळ होती, की पुढे कितीदा मनाशी उगाळून पाहिली तरी तिला त्यात काही वावगं सापडलं नाही. दुकानदार नेहमीसारखा फोनवर कुणाची तरी खरडपट्टी काढत होता. तिनं दाण्यांची पुडी घेतली, लोण्याची लहानशी वडी घेतली आणि रस्ता ओलांडून ती घराकडे निघाली.

कामावर तिला सगळे कानसेन म्हणत. गळा यथातथाच, पण कान असा, की शेजारच्या खोलीत टाचणी पडली तरी ही इकडे मान वळवायची. एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत ती नोकरीला होती. लोकांनी बोललेलं, वाचलेलं तिच्याकडे यायचं. त्यातला खोकला, खुर्चीची करकर, लांबून गेलेल्या गाडीची घरघर, दोन शब्दांमध्ये घेतलेला मोठा श्वास, असं सगळं वेचून काढायचं आणि आवाज धुऊन-पुसून परत द्यायचा, हे तिचं काम. ती म्हणायची, की कुठलीच खोली गप्प नसते. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते, आणि खोलीत एक माणूस वाढलं तरी ती बदलते. बरोबरचे हसायचे, पण एखाद्या मुद्रणात कसलीशी गुणगुण ऐकू आली आणि ती कुठून येते ते कुणालाच कळेनासं झालं, की शेवटी हिलाच हाक मारायचे.

दिवसभर असे कान ताणून बसल्यावर संध्याकाळी तिला काहीच नको असायचं. म्हणजे सगळं हवं असायचं, पण घरचं. दारात बूट काढून फरशीवर तळवे टेकवायचे. खांद्यांवर कढत पाणी घ्यायचं. कोपरावर विरलेला जुना सदरा घालायचा. मग पातेल्यात लोणी टाकून लाह्या फोडायच्या आणि ते भलंमोठं कुंडं मांडीवर घेऊन सोफ्यावर मालिका बघत बसायचं, दिवे मालवून. तिच्या वयाच्या मुली संध्याकाळी बाहेर भटकायच्या, गाणी ऐकायला जायच्या. हिला कुणी स्वर्गाचं तिकीट आणून दिलं असतं तरी हिनं आधी विचारलं असतं, तिथं सोफा आहे का?

या सुखात तिची एक भागीदार होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. ही तिची बहीण नव्हे. दोघी मिळून ते घर भाड्यानं घेऊन राहत होत्या. सिस्टर एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथल्या सवयीनं घरातही तिचं तेच नाव पडलं होतं. ड्यूटीवरून आली, की ती सुरुवातीला अजिबात बोलायची नाही. वॉर्ड अंगावरून उतरायला वेळ लागतो, म्हणायची. अंगाला औषधांचा वास तसाच असायचा, पाय बर्फासारखे असायचे. ती मुकाट्यानं सोफ्याच्या टोकाला बसायची, पांघरूण डोक्यापर्यंत ओढून घ्यायची आणि गार पाय कानसेनच्या मांडीखाली सारायची. कानसेन रोज शिव्या घालायची आणि रोज ते पाय राहू द्यायची.

त्या दिवशी दोघींच्या मालिकेचा शेवटचा भाग होता. एका बोटीवर झालेल्या खुनाची गोष्ट होती ती, आणि खुनी कोण यावरून दोघींचं गेले कित्येक दिवस वाजत होतं. एकीनं दुसरीला सोडून बघायचं नाही, असं ठरलं होतं. पण सिस्टरच्या ड्यूटीचा काय भरवसा? म्हणून दुसरा नियमही होता, की वेळ झाली की सुरू करायचं. जिला उशीर होईल तिनं मागचं विचारायचं नाही.

कानसेननं आंघोळ केली. टीव्ही लावला, दिवे मालवले आणि ती स्वयंपाकघरात गेली. पातेल्यात दाणे तडतडू लागले. तेवढा वेळ मात्र त्या कानांनाही दुसरं काही ऐकू येण्याची सोय नव्हती. लाह्या कुंड्यात ओतून, वरून मीठ भुरभुरून ती बाहेर आली, तर टीव्हीच्या निळसर उजेडात सोफ्याच्या टोकाला पांघरूण फुगलेलं दिसलं. डोक्यापर्यंत ओढलेलं, गुडघे पोटाशी घेतलेले.

"आलीस? कळलंच नाही," कानसेन म्हणाली.

"हं," पांघरुणातून आलं.

ती मध्ये बसली, कुंडं मांडीवर ठेवलं. औषधाचा वास आला. आज जरा जास्तच, आणि त्यात काहीतरी गोडसर, खूप दिवस बंद असलेल्या खोलीसारखं. पाय तिच्या मांडीखाली सरकले. ते इतके गार होते, की ती दचकलीच. पण शिव्या घालायच्या तोवर मालिका सुरू झाली, आणि ती गप्प बसली.

थोड्या वेळानं पांघरुणातून हळूच प्रश्न आला, "हा कोण?"

पडद्यावर तो जाडा हवालदार होता. सिस्टरचा लाडका. त्याच्या नकला ती वॉर्डात करून दाखवायची. कानसेनला वाटलं, आज बिचारी फारच थकलीय. ती म्हणाली, अगं, तोच आपला किल्ल्या विसरणारा. त्यावर पांघरुणात कुणीतरी हसलं. बारीक, दबकं, हसायची सवय मोडल्यासारखं हसू.

मग पुन्हा, "लाह्या घेऊ का?"

आता हे काय नवीन? या घरात लाह्या विचारून कुणी कधी घेतल्या नव्हत्या. हिसकावून घेतल्या होत्या. कानसेननं न बघताच कुंडं तिकडे सरकवलं. पांघरुणाची कड किंचित हलली. बराच वेळ गेला. मग तृप्त झाल्यासारखा आवाज आला, "मीठ जास्त आहे… किती छान."

तेवढ्यात कानसेनच्या खिशात फोन थरथरला. तिनं काढून पाहिला. पडद्यावर नाव होतं, सिस्टर.

तिला पहिल्यांदा वाटलं ते साधंच होतं. ही फोन हॉस्पिटलात विसरून आली आणि तो कुणाला तरी सापडला. तिनं फोन कानाला लावला.

"ऐक, मला आज यायला जमत नाही," सिस्टर म्हणाली.

आवाज तिचाच होता. तिच्या मागे ढकलगाडीची चाकं करकरत होती, लिफ्टची घंटी वाजली, कुणीतरी पळत गेलं. हे सगळे आवाज कानसेनला पाठ होते. सिस्टर घाईघाईत सांगत होती, की खिडकीतल्या पोरीचं संध्याकाळपासून फार बिघडलंय. शुद्ध नाही. डॉक्टर आत आहेत, आईवडील बाहेर बसलेत, अशा वेळी ती सोडून येऊ शकत नाही. "तू बघून टाक. फक्त शेवट सांगू नकोस मला."

"बरं," कानसेन म्हणाली. तिला स्वतःचा आवाज कुणी दुसऱ्यानंच बोलल्यासारखा वाटला.

फोन बंद झाला. मांडीखाली ते दोन पाय तसेच होते.

माणूस घाबरलं की किंचाळतं, असं आपण समजतो. तिच्या घशातून काहीच निघालं नाही. तिची नजर पडद्यावर होती, तिथं जाडा हवालदार कसलंसं दार ठोठावत होता, आणि तिचे कान मात्र सवयीनं कामाला लागले होते. तिनं ऐकलं. टीव्हीचा आवाज बाजूला काढला, खालच्या रस्त्याचा काढला, फ्रिजची घुमघुम काढली. मागे उरला एक श्वास. तिचा स्वतःचा. शेजारून, हाताच्या अंतरावरून, काहीच येत नव्हतं. आणि तरी खोलीची शांतता एकट्या माणसाच्या खोलीची नव्हती.

"कोण होतं, ताई?"

सिस्टर तिला ताई म्हणत नसे. सिस्टर तिच्याहून मोठी होती.

"आई…" कानसेन म्हणाली. "आईचा फोन होता."

पांघरुणातून अगदी हळू, न रागावता, जरा काळजीनंच, विचारलं गेलं, "माझ्याबद्दल काय म्हणाल्या सिस्टर?"

कानसेन उठायला गेली. पाणी आणते, असं काहीसं पुटपुटली. पण पाय उचलेनात. ते पांघरुणातले पाय तिला धरून नव्हते, नुसते टेकले होते. तरीही कमरेखाली तिला आपलं अंगच जाणवत नव्हतं, जणू ते कुणाचं तरी होतं आणि सोफ्यावर ठेवून दिलं होतं.

"संपेपर्यंत बसा ना…" पांघरूण म्हणालं. "संपल्याशिवाय तुमच्यात कुणी उठत नाही. सिस्टरनी सांगितलंय मला."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. खिडकीतली पोरगी. जेवताना सिस्टर तिच्याबद्दल बोलायची. अठरा-एकोणीस वर्षांची, कॉलेजात जायच्या तोंडावर आजारी पडली आणि कमरेखाली लुळी झाली. कित्येक महिने खिडकीपाशी त्या एका खाटेवर. ड्यूटी संपवून सिस्टर निघाली, की ती रोज विचारायची, आता घरी जाऊन काय करणार? आणि सिस्टर तिला सांगायची. सोफा, दिवे मालवायचे, लाह्या, गार पाय. पोरगी म्हणे डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच विचारायची, पांघरूण कुठल्या रंगाचं आहे?

भीती गेली असं नाही. भीती होती तिथंच होती. पण कानसेन बसून राहिली, आणि तिच्या ध्यानीमनी नसताना तिनं आपल्या बाजूचं पांघरूण थोडं तिकडे सरकवलं. का, ते तिला कधीच सांगता आलं नाही. पुढे मालिकेत काय झालं तेही नीट आठवलं नाही. खुनी सापडला. हवालदार पुन्हा किल्ल्या विसरला तेव्हा शेजारी ते बारीक हसू उमटलं. आणि शेवटची नावं वर सरकू लागली तेव्हा पांघरुणातून विचारणा झाली.

"असं रोज असतं?"

"हो," कानसेन म्हणाली. "रोज."

"रोज…"

मग पांघरूण खाली बसलं. कुणी उठलं नाही, कुणी गेलं नाही. आतली हवा जावी तसं ते हळूहळू सपाट झालं. कानसेनच्या पायांत एकदम मुंग्या आल्या. ती उठली, धडपडली, दार उघडून अनवाणीच जिन्याकडे धावली.

रात्र तिनं खाली, इमारतीच्या दारातल्या रखवालदारापाशी काढली. किल्ली हरवली म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानं तिला एकवार नीट पाहिलं, काही विचारलं नाही, आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः स्टुलावर बसला.

सकाळी सिस्टर आली ती हिला तिथं बघून गडबडलीच. दंडाला धरून तिला वर नेलं, कॉफी करून दिली, आणि कानसेननं सगळं सांगितलं. सांगताना तिचे दात कपावर वाजत होते. सिस्टर ऐकत राहिली. नर्सच्या नोकरीत तिनं काय काय ऐकलं होतं. तिचा चेहरा हलला नाही. ती उठून सोफ्यापाशी गेली, कुंड्यातली एक लाही तोंडात टाकली आणि म्हणाली, "यात मीठ कुठाय?"

कानसेननं हातानं भुरभुरलं होतं. तिनं एक लाही चाखली, दुसरी चाखली, तळातली चाखली. कुठंही मिठाचा कण नव्हता. कागद चघळल्यासारख्या लागत होत्या.

"किती वाजता गेली ती?" कानसेननं विचारलं.

"कोण गेली?"

"ती. खिडकीतली."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. "गेली नाही ती," ती सावकाश म्हणाली. "शुद्धीवर आली. आम्ही आशा सोडली होती. आई तिची तिथंच मटकन खाली बसली होती, आणि हिनं डोळे उघडले." सिस्टर थांबली. आता तिचाही चेहरा उतरला होता. "मी जवळ गेले तर मला म्हणाली, सिस्टर, काळजी करू नका. शेवट नाही सांगणार. मला वाटलं, तापात बरळतेय."



पुढचे काही दिवस कानसेन सोफ्यावर बसली नाही. संध्याकाळ झाली की दिवे लावून ठेवायची, खुर्ची ओढून जेवणाच्या टेबलापाशी बसायची. काम धड होईना. एका मुद्रणात वाचणाऱ्याचा श्वास ऐकू येत होता तो तिनं काढलाच नाही, तसाच राहू दिला, आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. शेवटी सिस्टरच म्हणाली, की चल, भेट तिला. लहान लेकरू आहे ते. बघितलंस की भीती जाईल. कानसेनलाही ते पटलं. जिच्यासाठी आपण पांघरूण सरकवलं तिला घाबरून किती दिवस काढायचे?

खिडकीपाशी खाट होती. बाहेर गाड्यांचे दिवे लागले होते. पोरगी उशीला टेकून बसली होती, काडीसारखी, केस कापलेले, डोळे तेवढे मोठे. कानसेन अजून काही बोलली नव्हती, पण तिला बघताच ती ओळखीचं हसली. तेच बारीक हसू. या वेळी त्याबरोबर श्वासही होता, आणि तो ऐकून कानसेनच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"रागावलात का, ताई?" पोरीनं विचारलं.

कानसेन म्हणाली, नाही गं. मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण ते खरं होतं. ती खाटेच्या कडेवर बसली. दोघी मालिकेबद्दल बोलल्या. खुनी कोण ते पोरीला बरोबर ठाऊक होतं, आणि सिस्टरला सांगायचं नाही म्हणून दोघी कानात कुजबुजल्या. सिस्टर पायाशी उभी राहून तिचे तळवे चोळत होती, कानावर हात ठेवायचं सोंग करत होती. डॉक्टर म्हणाले होते, उजव्या पायाच्या बोटांत थोडी जाणीव परत येतेय. पोरगी म्हणाली, त्या दिवशी पाय गरम झाले ना, तेव्हापासून. बरी झाले की खरोखरच्या पायांनी चालत तुमच्याकडे येईन, असंही ती म्हणाली. कानसेननं तिला वचन दिलं, की ये, तुझ्यासाठी मीठ जास्त घालीन. वॉर्डात जेवणाच्या गाड्या फिरू लागल्या तशी कानसेन उठली. कित्येक दिवसांनी तिला आज घरी जाऊन सोफ्यावर बसावंसं वाटत होतं.

"ताई, एक विचारू?" पोरगी म्हणाली. "दुसरे ते काका कोण होते?"

"कुठले काका?"

"तुमच्या पलीकडे बसलेले. मी या टोकाला, तुम्ही मध्ये, आणि ते त्या टोकाला. मी आले तेव्हा ते होतेच. मी बोलणार होते त्यांच्याशी, पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, घरातलेच असतील." तिनं पायाशी पाहिलं. "सिस्टर, तुम्ही कधी सांगितलं नाहीत त्यांच्याबद्दल."

सिस्टरचे हात तिच्या तळव्यावर थांबले होते.

कानसेननं खाटेची दांडी धरली. "ते… मालिका बघत होते?" तिनं विचारलं.

"छे," पोरगी म्हणाली. "टीव्हीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तुमच्याकडे बघत होते, सगळा वेळ. मी निघताना त्यांना विचारलं, पुन्हा आले तर चालेल का. तर म्हणाले, ये की. आम्ही सगळे रोज असतो."